साईटवरची अकरा मुलं आणि एक हजेरीपट

१५ जून २०२४ ला शाळा उघडली तेव्हा आमच्या महापालिका शाळेच्या पटावर जवळच्या बांधकाम साईटवरचं एकही मूल नव्हतं. जुलैत अकरा झाली, मार्च २०२५ अखेर सहा उरली. मधल्या दहा महिन्यांत काय काय करावं लागलं, कुठे किती दिवस गेले, किती पैसे लागले, ते क्रमाने लिहिते आहे. पुण्यातल्या उंड्री, पिसोळी, हांडेवाडी, वाघोली या पट्ट्यात शिकवणाऱ्या किंवा तिथल्या सोसायट्यांत राहणाऱ्या कुणाला हे काम अंगावर घ्यावंसं वाटलं, तर आम्ही केलेल्या चुका तरी पुन्हा होऊ नयेत.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. १८ जूनला सकाळी अकरा वाजता साईटच्या गेटवर गेलो. सिक्युरिटीवाल्याने बिल्डरच्या ऑफिसची परवानगी मागितली, ऑफिसने ठेकेदाराकडे बोट दाखवलं, ठेकेदाराने फोनच उचलला नाही. आठ दिवस यातच गेले. शाळेची माणसं आली म्हणजे पाठोपाठ बालमजुरीची तपासणी येणार, अशी ठेकेदाराला धास्ती असते, म्हणून 'इथे पोरंबिरं नाहीत' हे उत्तर तयारच असतं. लेबर कॅम्पचा रस्ता मुकादमाकडून जातो. त्याला गाठायचं, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं 'शाळाप्रवेशासाठी मुलांची नोंद घेणे' एवढ्याच मजकुराचं पत्र द्यायचं, आणि संध्याकाळी सात-साडेसातला जायचं. त्याआधी चुली पेटलेल्या असतात, नऊनंतर माणसं झोपलेली असतात. खर्ची (हातखर्चाची उचल) मिळते तो दिवस टाळायचा, कारण त्या दिवशी सगळा कॅम्प बाजारात असतो.

२६ आणि २७ जूनला ४२ पत्र्याच्या खोल्या फिरलो. सहा ते चौदा वयाची एकोणीस मुलं सापडली. कर्नाटकातल्या कलबुर्गीकडची, छत्तीसगडची, नांदेडच्या मुखेड भागातली. शासनाच्या शाळाबाह्य नमुन्यातले रकाने भरायचेच, पण त्यात दोन रकाने स्वतःहून वाढवा: या साईटवरचं काम अजून किती महिने आहे, आणि घरातलं सगळ्यात लहान मूल दिवसभर कोण सांभाळतं. मूल शाळेत टिकेल की नाही, याचा अंदाज बाकीच्या सगळ्या फॉर्मपेक्षा या दोन उत्तरांवरून जास्त येतो. एकोणिसांपैकी तिघं तेरा-चौदाची होती आणि कामावर जात होती. दोघांची घरं पंधरा दिवसांत हलणार होती. तीन मुली तान्ह्यांना कडेवर घेऊनच भेटल्या आणि तशाच राहिल्या. उरलेली अकरा.

'या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही' हे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकू येतं. ४२ खोल्यांपैकी एकाही खोलीत कुणी शाळा नको म्हणालं नाही. प्रश्न सगळे हिशोबाचे होते. रिक्षाला किती? मधल्या सुट्टीत खायला मिळतं का? धाकट्याला बरोबर आणलं तर चालेल? आणि एका बापाने विचारलं, 'बाई, दिवाळीला गावी गेलो तर नाव कापणार का?'

प्रवेशाचा दिवस ३ जुलै ठरवला. आदल्या दिवशी पालख्या पुण्यातून निघणार होत्या, सासवड आणि सोलापूर रस्ते बंद असणार होते. बरोबर काय आणायचं सांगितलं? जे असेल ते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ म्हणतं की वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ म्हणतं की आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून थांबवता येत नाही. कलम ४ म्हणतं की वयानुरूप वर्गात बसवायचं. जन्मदाखला नसेल तर दवाखान्याच्या किंवा एएनएमच्या (सरकारी परिचारिकेच्या) रजिस्टरातली नोंद, अंगणवाडीची नोंद, आणि यांतलं काहीच नसेल तर पालकांचं स्वयंघोषणापत्र चालतं. अकरांपैकी सात जणांचं घोषणापत्रावर भागलं. घरी जन्मलेल्या मुलाची उशिरा जन्मनोंद करायची तर ती जिथे जन्म झाला तिथेच होते, त्यामुळे पुण्यात बसून त्यामागे लागू नका. वय विचारताना 'किती वर्षांचा' असं विचारलं की 'आठ-नऊ असेल' एवढंच कळतं. 'गावच्या कुठल्या जत्रेच्या आधी झाला, धाकटी झाली तेव्हा हा चालत होता का' असं विचारलं तर सहा महिन्यांच्या आत नेम बसतो. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत, त्यामुळे एवढा अंदाज पुरतो.

पहिलीत चार, दुसरीत दोन, तिसरीत दोन, चौथीत एक, पाचवीत दोन अशी वाटणी झाली. पाचवीतल्या दोघांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. वयानुरूप प्रवेशात हे होणारच. कायद्यात त्यासाठी तीन महिने ते दोन वर्षांचं विशेष प्रशिक्षण आहे. प्रत्यक्षात ते वर्गशिक्षकाच्याच वाट्याला येतं. शिवाय २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे, म्हणजे वर्षाअखेरीस या दोघांची गाठ पेपरशी पडणार होती.

जनरल रजिस्टर भरताना घाई करू नका. नाव आधारवर जसं आहे तसंच लिहा, मग ते कितीही विचित्र छापलेलं असो. बापाचं नाव आणि आडनाव यांचा क्रम कर्नाटकात वेगळा असतो, तिथे गोंधळ होतो. जातीच्या रकान्यात अंदाजाने काही लिहू नका. आमच्याकडे गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणाऱ्या दोन्ही राज्यांतल्या मुली होत्या. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये येतो, कर्नाटकात अनुसूचित जातींमध्ये. परराज्यातला दाखला इथल्या सवलतींना चालत नाही. त्यामुळे मुखेडच्या मुलीला दिवसाला १ रुपयाचा उपस्थिती भत्ता लागू, आणि तिच्या शेजारी बसून तीच भाषा बोलणाऱ्या कलबुर्गीच्या मुलीला नाही. (हा भत्ता १९९२ सालचा. तेव्हा रुपयात काय मिळत होतं ते आठवून पाहा.)

मुख्याध्यापक अशा मुलांना नावं घालायला का कचरतात, हे बाहेरच्यांना कळत नाही. शाळेला शिक्षक किती मिळणार ते संचमान्यतेवर, म्हणजे पटानुसार मंजूर होणाऱ्या शिक्षकपदांवर, ठरतं आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या ऑनलाइन पटावर, तीही आधार जुळलेल्या मुलांवर. आधार नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच सांगितलं आहे. पण आधार न जुळलेलं मूल वर्गात बसतं, खिचडी खातं, शिकवावं लागतं, आणि शिक्षकांच्या मोजणीत धरलं जात नाही. म्हणून आम्ही पुढचे अडीच महिने आधारमागे धावलो. चौघांकडे आधारच नव्हतं, चौघांचं होतं पण नाव किंवा जन्मतारीख चुकीची. नवीन नोंदणी मोफत आहे. दुरुस्तीला तेव्हा ५० रुपये लागत. पैशांपेक्षा दिवस महाग पडतो. केंद्रावर आई किंवा बाप लागतो, म्हणजे एक खाडा. बिगारी बाईचा रोज त्या साईटवर ५५० होता. त्यामुळे टोकन आदल्या दिवशी आपण घेऊन ठेवायचं आणि चार घरांना एकाच दिवशी न्यायचं. एका बोटाचा ठसा तीनदा उमटला नाही. सिमेंटमध्ये काम करणाऱ्या आईच्या बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या असतात. हात कोमट पाण्याने धुऊन, थोडं खोबरेल चोळून, पुसून पुन्हा ठेवले की बहुतेक वेळा उमटतात.

पोर्टलचं काम याहून किचकट. मुखेडच्या मुलांचा 'सरल' या राज्याच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवर आयडी होता. आपण ट्रान्स्फरची रिक्वेस्ट पाठवायची आणि जुन्या शाळेने ती मान्य करायची. तेवीस दिवस काही हललं नाही. शेवटी मुलांच्या प्रगतिपत्रकावरचा यूडायस क्रमांक (शाळेचा देशभरातला ओळख क्रमांक) शोधून शाळेला फोन लावला, दुसऱ्या दिवशी काम झालं. यूडायस क्रमांक अकरा आकडी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, २२ छत्तीसगड. पालकांकडे जुन्या शाळेचा कुठलाही कागद असला, तर त्यावर आधी हा क्रमांक पाहायचा. परराज्यातल्या मुलाचा यूडायस प्लस या केंद्राच्या पोर्टलवर पेन क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक, असतो. जुन्या शाळेने त्याला 'ड्रॉपबॉक्स'मध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाकलं की पेन आणि जन्मतारीख घालून आपल्याकडे ओढून घेता येतं. घाईत नवीन नोंद केली तर पुढे आधार दोन ठिकाणी सापडतं आणि गाठ सोडवायला महिना जातो. आम्ही एका मुलाच्या बाबतीत तेच केलं आणि तेवढा महिना घालवला.

३० सप्टेंबरला अकरांपैकी नऊ पटावर जुळलेले होते.

हे कागदाचं झालं. मुलं शाळेत पोचणं हा वेगळाच विषय होता.

साईट ते शाळा अंतर २.१ किलोमीटर. मध्ये डंपर आणि काँक्रीट मिक्सरची ये-जा असलेला रस्ता, फुटपाथ नाही. रिक्षावाल्याने मुलामागे महिना ८०० मागितले. दोन मुलं असलेल्या घरात म्हणजे १,६००, आईचे जवळजवळ तीन रोज. शक्यच नव्हतं. पहिले दहा दिवस ज्याला जमेल तो बाप सोडून जायचा, पण त्याला आठला कामावर हजर व्हायचं असतं आणि शाळा नऊची. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला होता. मुलांची झोप पूर्ण व्हावी हा हेतू चांगला. पण ज्या घरातली आई-बाप आठला स्लॅबवर चढतात, तिथे आठ ते नऊ हा तास मोकाट जातो, आणि मोकाट गेलेलं मूल नऊला शाळेत येईलच असं नाही. कॅम्पमध्ये गुडघेदुखीमुळे कामावर न जाणाऱ्या एक आजी होत्या. १५ जुलैपासून त्या मुलांना रांगेत चालवत आणायला आणि न्यायला लागल्या, महिना ३,००० रुपयांवर. पैसे शेजारच्या सोसायटीतल्या काही घरांनी मिळून दिले. पुढे मार्चपर्यंत सगळ्यात मोठा खर्च हाच होता, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी.

२५ जुलैला मुठेला पूर आला, शाळा बंद होत्या. आमच्या कॅम्पात नदीचं पाणी आलं नाही, पण पत्र्याखाली ओल राहिली, अंथरुणं दोन आठवडे वाळली नाहीत आणि खरूज पसरली. एका वर्गशिक्षिकेने एका मुलीला 'बरी होऊन ये' म्हणून घरी पाठवलं. ती नऊ दिवस आली नाही, आणि तिच्यामुळे तिची बहीणही. खरूज झालेल्या एकट्याला औषध लावून उपयोग नसतो. महापालिकेच्या दवाखान्यातून पर्मेथ्रिन मलम आणलं, रविवारी रात्री त्या खोल्यांतल्या सगळ्यांनी मानेपासून पायापर्यंत एकाच वेळी लावलं, सकाळी धुतलं, कपडे-गोधड्या गरम पाण्यातून काढून उन्हात टाकल्या, आठवड्याने पुन्हा तेच. मलम लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मूल वर्गात बसू शकतं. हे शिक्षकांनाही समजावून सांगावं लागलं.

ऑगस्टमध्ये पाचवीतल्या कलबुर्गीच्या मुलीची हजेरी आठवड्याला दोन दिवसांवर आली. दीड वर्षाचा भाऊ. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं बसतात, दीड वर्षाचं कुठे ठेवणार? बांधकाम कामगारांसाठीच्या तेव्हा लागू असलेल्या १९९६ च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे. या साईटवर एकतीस होत्या. आधी पाच आयांनी मिळून दुसऱ्या एका म्हातारीला मुलामागे रोज २० रुपये द्यायचं ठरवलं. ती तीन आठवड्यांत गावी गेली. मग आम्ही मुकादमाला घेऊन सुपरवायझरकडे गेलो. कायदा काढला नाही. जुलै महिन्यातले बायकांचे खाडे मोजून दाखवले, त्यातले किती मुलं आजारी किंवा सांभाळायला कुणी नाही म्हणून, तेही. त्याने एका बाईची हजेरी, म्हणजे रोजचे ५५०, मुलं सांभाळण्यासाठी धरायला होकार दिला. एक रिकामी खोली, तिला अर्धं दार, दोन झोळ्या. सप्टेंबरपासून त्या मुलीची हजेरी महिन्याला बावीस-तेवीस दिवस झाली. ठेकेदाराशी बोलताना त्याचा फायदा आकड्यात दाखवता आला तरच जा.

आता वर्गाबद्दल, कारण खरी दमछाक तिथे झाली.

तिसरीपासून पुढच्या मुलांची पायाभूत चाचणी जुलैत झाली. साईटवरच्या मुलांचे भाषेचे पेपर जवळजवळ कोरे. गणिताचेही तसेच. पण तेच शाब्दिक उदाहरण हिंदीत वाचून दाखवल्यावर चौथीतल्या मुलाने तोंडी उत्तर दिलं, आणि वर विचारलं की दुकानदाराने सुट्टे का दिले नाहीत. ही मुलं नोटा मोजतात, बाराची आणि सोळाची सळई नजरेने ओळखतात, सिमेंटची गोण ५० किलोची हे त्यांना माहीत असतं. अडतं ते कागदावर. 'एकशे पाच' सांगितलं की १००५ लिहितात, ऐकू आलं तसं. स्थानिक किंमत शिकवायला शाळेतले मणी कमी पडले, तेव्हा काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे बाइंडिंग वायरने बांधून मुलांनीच आणले. दहा काड्यांचा एक गठ्ठा, दहा गठ्ठ्यांची एक गड्डी. 'गड्डी' हा शब्द त्यांच्याकडे आधीच होता.

मराठी संख्यानामं हा दुसरा खड्डा. कन्नडमध्ये एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे आधी वीस मग एक, मराठीत उलट. त्यामुळे 'एकवीस' ऐकून मूल १२ लिहितं, आणि आपण त्याला आकडेच येत नाहीत असं समजतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा महाराष्ट्रभर विनोद झाले. आमच्या वर्गात त्या पद्धतीने पंधरा दिवसांत काम झालं. आधी 'वीस एक', मग 'एकवीस'. भाषेतही मुलाच्या घरची भाषा माहीत असली की चूक कुठून येते ते कळतं. छत्तीसगडच्या मुलांना 'ळ' नवा, ती 'शाला' लिहितात. कन्नड मुलांना तो ओळखीचा असतो. भिंतीवर नव्वद चित्रांचा तक्ता केला, प्रत्येक चित्राखाली मराठी शब्द आणि शेजारी देवनागरीतच कन्नड, छत्तीसगडी, गोरमाटी. शब्द मुलांनीच सांगितले, स्पेलिंगवरून भांडणंही त्यांनीच केली.

रोज पाऊण तास इयत्ता मोडून गट केले: अक्षर न येणारे, शब्दापर्यंतचे, वाक्यापर्यंतचे, उतारा वाचणारे. पाचवीतली मुलगी पहिलीच्या मुलांशेजारी बसायला लाजत होती. तिला त्या गटात वाचनपट्ट्या वाटायचं काम दिलं, मग बसली. दर पंधरा दिवसांनी गट बदला. एकाच गटात दोन महिने राहिलेलं मूल ते आपलं कायमचं स्थान समजतं. अशा गटांतून वस्तीतल्या नेहमीच्या मुलांचाही फायदा झाला, कारण मागे पडलेली फक्त साईटवरची नव्हती.

सकाळचा पहिला तास वाया जातो हे सगळ्यांनाच जाणवत होतं, पण त्याचं कारण कुणी विचारत नव्हतं. ऑगस्टमध्ये एकदा सगळ्या वर्गाला 'सकाळी काय खाल्लं' ते चित्रात काढायला सांगितलं. चहा आणि खारी. चहा. चहा आणि रात्रीचा भात. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं धरलेली आहेत, पण ते ताटात यायला पावणेबारा होतात. म्हणजे रात्री आठ ते दुपारी बारा चहावर. प्रार्थनेनंतर मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा सुरू केला. चौतीस मुलांच्या वर्गाला रोज अर्धा किलो फुटाणे पुरतात, महिन्याला साधारण १,७०० रुपये. साईटवरच्या मुलांना वेगळं काढून देऊ नका. सगळ्या वर्गाला द्या, नाहीतर ती घेत नाहीत. अंड्याच्या दिवशी हजेरी पूर्ण असायची, हे हजेरीपट उघडला की दिसतं.

आणि हजेरीपटावरच आणखी एक गोष्ट दिसली, जिची मला स्वतःला लाज वाटली. 'उद्या येताना पुठ्ठा आणा', 'रंगीत कागद आणा', 'फोटोसाठी २० रुपये आणा' असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी ठरावीक चार-पाच मुलं गैरहजर. सप्टेंबर महिन्यात असे पाच दिवस होते, पाचही वेळा तेच. मूल घरी मागतच नाही. मागितलं तर काय उत्तर येईल ते त्याला माहीत असतं, आणि रिकाम्या हाताने उभं राहण्यापेक्षा ते घरी बसतं. तेव्हापासून वर्गात काहीही 'आणायला' सांगणं बंद केलं. कागद, कात्री, डिंक असं एक खोकं वर्गातच. वहीचा प्रश्न त्या वर्षी थोडा हलका होता. दुसरीपासूनची पाठ्यपुस्तकं चार भागांत आली होती आणि पाठांच्या मध्ये लिहायला कोरी पानं होती. शहरी पालकांनी त्या पानांना नावं ठेवली. आमच्याकडे ती काठोकाठ भरली. गृहपाठही घरी देणं सोडलं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, एक बल्ब. शेवटची वीस मिनिटं वर्गातच लिहून घ्यायचं.

दिवाळीच्या आधी कॅम्प रिकामा झाला. 'नाव कापणार का' विचारणाऱ्या बापाला सांगितलं की कापणार नाही, फक्त कधी येणार तो दिवस सांग. प्रत्येक मुलाबरोबर सुट्टीपुरतं एक पुस्तक दिलं, परतीची तारीख कॅलेंडरच्या पानावर गोल करून दिली. शाळा उघडली तरी चार जण आलीच नव्हती. त्यातच २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. आधी शिक्षकांची प्रशिक्षणं, मग शाळेतच मतदान केंद्र. गावाहून परतलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी कुलूप पाहिलं तर ते पुढचे आठ दिवस येत नाही, म्हणून आजींना आधीच सुट्ट्यांच्या तारखा दिल्या होत्या. नोव्हेंबर अखेर दोघं परतली, दोघं नाही. त्यात पाचवीतला दुसरा मुलगा होता. फोन लागला तेव्हा तो बापाबरोबर ऊसतोडीला गेला होता. नऊ उरली.

डिसेंबरमध्ये बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीमागे लागलो. नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,००० रुपये मिळतात, अट ७५ टक्के हजेरीची. नोंदणीची फी तेव्हा १ रुपया. खरी अडचण गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याच्या प्रमाणपत्राची. ठेकेदार ते देत नाही, कारण सही केली की ही माणसं आपल्याकडे कामाला आहेत हे कागदावर येतं. एजंट घरटी १,५०० मागत होता. आम्ही दोन आयांचे अर्ज मुकादमाच्या हजेरीवहीच्या फोटोंवरून कसेबसे प्रमाणपत्र मिळवून भरले. एक 'त्रुटी' म्हणून परत आला, आधारवर नाव वेगळं. दुसरा मे महिन्यातही प्रलंबितच दिसत होता. म्हणून हे काम डिसेंबरमध्ये नाही, जुलैतच सुरू करा.

जानेवारीत संक्रांतीनंतर दोन घरं चाकणकडच्या साईटवर गेली, तीन मुलं. यावेळी तयारी होती. निघण्याआधी चार दिवस कळलं, कारण पाळणाघरातल्या बाईला सगळ्यांच्या हालचाली माहीत असायच्या. प्रत्येक मुलाला शिक्षण हमी पत्रक, पेन आणि सरलचा क्रमांक मोठ्या अक्षरात, हजेरीचा उतारा, आणि एका पानावर साध्या मराठीत: हे मूल जोडाक्षरविरहित शब्द वाचतं, दोन अंकी बेरीज हातच्याशिवाय करतं, घरी गोरमाटी बोलतं. पुढच्या शिक्षकाला टक्केवारीपेक्षा हे पान जास्त कामाचं. चाकणच्या शाळेला आधी फोन केला, तिथल्या बाई म्हणाल्या पाठवा. तिघांपैकी दोघांची ट्रान्स्फर रिक्वेस्ट आठवड्यात आली. तिसऱ्याची आलीच नाही.

त्या वर्षी परीक्षा २५ एप्रिलपर्यंत ताणल्या होत्या. उन्हाळ्यात कॅम्प पुन्हा हलतो, त्यामुळे सहाही घरांना मुकादमामार्फत तारखा कळवल्या आणि कुणीही मध्येच निघालं नाही. पाचवीतल्या मुलीला मराठीत सवलतीचे गुण लागले, गणितात लागले नाहीत.

१ मेला निकाल देताना एक गोष्ट नव्याने केली. कागद हरवतात, फोन बदलतात, सिमकार्ड रिचार्ज न केल्याने बंद पडतात. पण प्रत्येक खोलीत एक पत्र्याची पेटी असते आणि ती प्रत्येक साईटवर बरोबर जाते. सहा पेट्यांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने शाळेचा फोन नंबर आणि मुलांचे पेन क्रमांक लिहिले. रंगाचा डबा साईटवरचाच. १२ जून २०२५ ला दुपारी फोन आला, बोलत होती पाचवीची, आता सहावीची. 'बाई, आम्ही वाकडच्या पुढं आलोय. इथं शाळा कुठाय ते कुणाला विचारू?'